चिनी पत्रिका आणि पाश्चात्त्य कुंडली: एकाच जन्मवेळेच्या दोन मांडण्या, पायरीपायरीने

पाश्चात्त्य कुंडली मराठी माणसाला निम्मी ओळखीची असते. आपल्याकडे चौकोनात तिरप्या रेघा मारून बारा घरं काढतात, तिकडे वर्तुळ काढतात. राशी बारा, ग्रहही बहुतेक तेच. होरा, केंद्र, द्रेष्काण हे आपल्या ज्योतिषातले शब्द मुळात ग्रीक भाषेतून संस्कृतात आले, म्हणजे नातं जुनं आहे. चिनी जन्मपत्रिका पहिल्यांदा हातात आली की मात्र आपण गोंधळतो. घरं नाहीत, वर्तुळ नाही, लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) नाही. शेजारीशेजारी चार उभे रकाने, त्यांना ‘खांब’ म्हणतात, प्रत्येकात वर एक अक्षर आणि खाली एक अक्षर. एकूण आठ. म्हणून तिचं नाव बा-त्झ: ‘बा’ म्हणजे आठ, ‘त्झ’ म्हणजे अक्षर.

सुरुवातीला मी या आठ अक्षरांत ग्रह शोधत होते. शुक्र कुठला, शनी कुठला, याच्या जोड्या लावत बसले आणि त्यात कितीतरी महिने वाया घालवले. बा-त्झमध्ये ग्रह नसतातच. पाश्चात्त्य कुंडली विचारते, ‘तू जन्मलास तेव्हा त्या गावावरच्या आकाशात कोण कुठे होतं?’ बा-त्झ विचारते, ‘तू जन्मलास तेव्हा वर्षाची, ऋतूची, दिवसाची आणि प्रहराची वेळ कोणती चालू होती?’ पहिली आकाशाचा नकाशा काढते, दुसरी पंचांगाचं पान वाचते. हा फरक मनात पक्का ठेवलात तर पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या जातील.

सुरुवातीला झटपट भविष्य बाजूला ठेवा

‘मी मकर राशीची’ आणि ‘मी सशाच्या वर्षातली’ या दोन वाक्यांची तुलना करून कोणी चिनी आणि पाश्चात्त्य ज्योतिषाची तुलना केली म्हणत असेल, तर ती तुलना सोडून द्या. वर्तमानपत्रातलं सूर्यराशीचं भविष्य ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. १९३० च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश राजकन्या मार्गारेटचा जन्म झाला, तेव्हा लंडनच्या ‘संडे एक्सप्रेस’ने ज्योतिषी आर. एच. नेलर यांच्याकडून तिच्या कुंडलीवर लेख लिहून घेतला. तो वाचकांना आवडला आणि तिथून ही सदरं फोफावली. खऱ्या कुंडलीत सूर्य हा दहा ग्रहांपैकी एक, शिवाय लग्न वेगळं.

वर्षाच्या प्राण्याचंही तेच. आठ अक्षरांपैकी ते एक अक्षर. चीनमधल्या तांग राजघराण्याच्या काळातला ली शूचुंग हा अधिकारी, जो इ.स. ८१३ मध्ये वारला, त्याच्या पद्धतीत जन्मवर्षाला मध्यवर्ती स्थान होतं. पुढे सोंग राजघराण्याच्या काळात श्यू त्झ-पिंग याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत रुळली आणि केंद्र वर्षावरून दिवसावर आलं. आजही बा-त्झला ‘त्झ-पिंग पद्धत’ म्हणतात. म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच जाणकारांनी वर्षाचा प्राणी मध्यावरून बाजूला सरकवला आहे. चिनी उपाहारगृहात ताटाखाली घालतात त्या कागदावर छापलेला ससा त्याच्याही आधीच्या काळातला समजा.

पायरी १: घड्याळाची वेळ सूर्याच्या वेळेवर आणा

पाश्चात्त्य कुंडलीचं सॉफ्टवेअर गावाचे रेखांश घेऊन हे काम आपलं आपण करतं. लग्नबिंदू सरासरी चार मिनिटांत एक अंश पुढे सरकतो, त्यामुळे तिथे मिनिटामिनिटाची काळजी घेतात. बा-त्झमध्ये दिवसाचे बारा भाग, प्रत्येक दोन तासांचा. रात्री ११ ते १ उंदराचा प्रहर, १ ते ३ बैलाचा, ३ ते ५ वाघाचा, मग ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बोकड, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. दोन तासांचा गाळा म्हटल्यावर मिनिटांचं काय एवढं, असं वाटतं. पण जन्म सीमेजवळचा असेल तर एक अख्खा खांब बदलतो.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची आहे. आपल्या गावाचे रेखांश त्यातून वजा करा आणि उत्तराला चारने गुणा, तेवढी मिनिटं घड्याळातून कमी करायची. मुंबईसाठी ही दुरुस्ती सुमारे ३९ मिनिटांची, पुण्यासाठी आणि पणजीसाठी ३५, नागपूरसाठी १४. शिवाय सूर्य वर्षभर एका लयीत चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला तो सरासरीपेक्षा सुमारे १४ मिनिटं मागे असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे. जन्मवेळ सीमेपासून अर्ध्या तासाच्या आत असेल तर हाही हिशेब धरा.

चीनमध्ये हा प्रश्न आपल्यापेक्षा तीव्र आहे. १९४९ नंतर सगळ्या देशाला बीजिंगची एकच वेळ लागू झाली. पश्चिम टोकाच्या काशगरमध्ये सूर्य त्या घड्याळाच्या जवळजवळ तीन तास मागे असतो. १९८६ ते १९९१ या वर्षांत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढेही केली जात. म्हणून तिथले अनेक जाणकार जन्मगाव विचारल्याशिवाय चौथा खांब लिहीतच नाहीत. परदेशात जन्मलेल्या आपल्या मुलांची पत्रिका मांडतानाही उन्हाळी वेळेचा तो तास आठवणीने काढून टाका.

पायरी २: चार खांब उभे करा

प्रत्येक खांबात वरचं अक्षर ‘आकाशाचं खोड’, खालचं ‘धरतीची फांदी’. चिनी शब्दांचा अर्थ तोच आहे, खोड आणि फांदी. खोडं दहा: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी ही पाच, प्रत्येकाचं एक यांग (प्रखर, पुढे सरसावणारं) आणि एक यिन (शांत, सामावून घेणारं) रूप. फांद्या बारा, त्यांनाच आपण प्राण्यांच्या नावाने ओळखतो. यांग खोड यांग फांदीशीच जुळतं, यिन यिनशी. त्यामुळे १२० ऐवजी ६० जोड्या होतात आणि त्या एकामागून एक फिरत राहतात. आपल्या प्रभव, विभव, शुक्ल अशा साठ संवत्सरांची सवय असल्याने ही कल्पना मराठी माणसाला जड जात नाही. फरक एवढाच की आपण साठाचं चक्र वर्षांना लावतो, चिनी पंचांग तेच चक्र वर्ष, महिना, दिवस आणि प्रहर अशा चौघांनाही लावतं. चालू चिनी चक्र १९८४ मध्ये सुरू झालं, आपला प्रभव १९८७ च्या गुढीपाडव्याला.

वर्षाचा खांब. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बा-त्झचं वर्ष चिनी नववर्षाच्या सणाला बदलत नाही, ते ‘ली-छुन’ला, म्हणजे वसंतारंभाला बदलतं. सूर्य सायन, म्हणजे मार्चमधल्या वसंतसंपातापासून मोजलेल्या, ३१५ अंशांवर येतो तो हा क्षण, साधारण ४ फेब्रुवारी. २०२५ मध्ये सण २९ जानेवारीला होता आणि ली-छुन ३ फेब्रुवारीला, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७.४० च्या सुमारास. मधल्या दिवसांत जन्मलेल्या बाळाला सगळे ‘सापाच्या वर्षातलं’ म्हणाले, बा-त्झच्या हिशेबात ते अजून ड्रॅगनचं. २०२६ मध्ये उलट घडलं: ली-छुन ४ फेब्रुवारीला, सण १७ ला. जानेवारी-फेब्रुवारीत जन्म असेल तर ही तारीख तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

महिन्याचा खांब. इथे मला या दोन्ही पद्धतींमधलं सर्वांत सुंदर साम्य दिसलं. चिनी महिने चंद्राचे असतात, असं आपण ऐकलेलं असतं. सणांचे महिने तसे आहेतही. बा-त्झचे महिने मात्र शुद्ध सौर आहेत. सूर्याच्या वाटेचे २४ भाग, प्रत्येक १५ अंशांचा, आणि त्यातला एकाआड एक भाग महिन्याची सुरुवात. पाश्चात्त्य राशीही याच सायन वर्तुळाचे ३० अंशांचे तुकडे आहेत. पाश्चात्त्य राशी ०, ३०, ६० अंशांवर सुरू होतात, चिनी महिने १५, ४५, ७५ वर. म्हणजे दोघेही एकाच सूर्याची एकच वाट मोजतात, फक्त अर्धी रास मागेपुढे. पाश्चात्त्य पद्धतीत वसंतसंपात ही मेषेची सुरुवात, चिनी पद्धतीत तोच बिंदू सशाच्या महिन्याचा मध्य. एकाला तो दिवस वसंताचा जन्म वाटतो, दुसऱ्याला वसंताचा भर. आपल्या निरयन (ताऱ्यांवरून मोजलेल्या) राशी सायन राशींपासून सुमारे २४ अंश सरकलेल्या असल्याने त्या या हिशेबात आणू नका.

महिन्याची फांदी ऋतूवरून ठरते, खोड वर्षाच्या खोडावरून. त्यासाठी ‘पाच वाघ’ नावाचा पाठ करायचा नियम आहे, कारण वर्षाचा पहिला महिना वाघाचा. उदाहरणार्थ, वर्षाचं खोड यांग लाकूड किंवा यिन माती असेल तर वाघाच्या महिन्याचं खोड यांग अग्नी, मग क्रमाने पुढे. प्रहराच्या खोडासाठी असाच ‘पाच उंदीर’ नियम, तिथे सुरुवात दिवसाच्या खोडावरून करायची.

दिवसाचा खांब. याला आकाशाचा आधारच नाही. ही निव्वळ मोजणी आहे, साठ-साठ दिवसांची माळ, पिढ्यान्‌पिढ्या ओढत आणलेली. हाताने काढायचा तर त्या तारखेचा ज्युलियन दिनांक, म्हणजे खगोलशास्त्रात वापरतात तो दिवसांचा सलग क्रमांक, घ्या, त्यात ४९ मिळवा, ६० ने भागा. बाकी ० आली तर पहिली जोडी, १ आली तर दुसरी. १ जानेवारी २००० चा ज्युलियन दिनांक २४५१५४५. बाकी ५४ येते, म्हणजे पंचावन्नावी जोडी: यांग माती, घोडा.

जुने चिनी ज्योतिषी बाराही फांद्या डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर बसवत आणि अंगठा फिरवत हिशेब करत. आपण जप मोजताना अंगठा पेरांवरून फिरवतो, अगदी तसाच. तुम्हीही एकदा करून पाहा, वर्तुळ डोक्यात पक्कं बसतं.

रात्री ११ ते १२ मधला जन्म असेल तर थांबा. दिवस ११ ला बदलतो की १२ ला, यावर दोन परंपरा आहेत आणि दोघींचे जाणकार आपापल्या जागी ठाम आहेत. अशा वेळी दोन्ही पत्रिका मांडून ठेवणं हेच प्रामाणिकपणाचं.

पायरी ३: एक पत्रिका प्रत्यक्ष मांडू

उदाहरणासाठी एक काल्पनिक मुलगी घेऊ. जन्म पुणे, १ जानेवारी २०००, सकाळी ७.२०.

घड्याळात ७.२० म्हणजे ड्रॅगनचा प्रहर. त्यातून रेखांशाची ३५ मिनिटं आणि त्या दिवसाची सूर्याची तीनेक मिनिटं काढली की उरतात सुमारे ६.४२. हा सशाचा प्रहर. ली-छुन अजून महिनाभर दूर, म्हणून वर्ष १९९९ चंच. सूर्य सायन २८० अंशांच्या जवळ, म्हणून महिना उंदराचा, ऐन हिवाळ्याचा.

वर्ष: यिन माती, ससा
महिना: यांग अग्नी, उंदीर
दिवस: यांग माती, घोडा
प्रहर: यिन लाकूड, ससा

एका फुकटच्या संकेतस्थळावर हीच वेळ घालून पाहिली तेव्हा चौथा खांब ‘यांग अग्नी, ड्रॅगन’ आला, कारण त्याने रेखांशाची दुरुस्ती केलीच नव्हती. दोन अक्षरं बदलली आणि पत्रिकेचा तोलच बदलला: चुकीच्या पत्रिकेत अग्नी आणि माती उतू जातात, बरोबर पत्रिकेत लाकूड भक्कम उभं राहतं.

आता हिचीच पाश्चात्त्य कुंडली: सूर्य मकरेत दहाव्या अंशाच्या आसपास, जन्म सूर्योदयानंतर लगेचचा म्हणून लग्नही मकर. मकरेचा स्वामी शनी वृषभेत, सूर्याशी जवळजवळ अचूक नवपंचम (१२० अंशांचा अनुकूल योग). चंद्र वृश्चिकेत, शनीच्या समोर, दोन अंशांच्या फरकाने प्रतियोग. कुंडलीत शनीचा शब्द चालतो, हे कोणताही पाश्चात्त्य ज्योतिषी पहिल्या मिनिटात सांगेल. घरात आपल्या पद्धतीची पत्रिका असेल तर त्यात मात्र सूर्य धनूत आणि चंद्र तुळेत, स्वाती नक्षत्रात दिसेल. घाबरू नका, तो सायन-निरयनातला फरक.

पायरी ४: ‘मी’ कुठे आहे ते शोधा

पाश्चात्त्य कुंडलीत ‘मी’ विखुरलेला असतो. थोडा सूर्यात, थोडा चंद्रात, थोडा लग्नात. बा-त्झमध्ये ‘मी’ एकाच जागी असतो, दिवसाच्या खोडात. बाकीची सात अक्षरं म्हणजे त्याच्या भोवतालचं जग.

आपल्या उदाहरणात ‘मी’ म्हणजे यांग माती. यांग मातीचं जुनं चित्र डोंगराचं किंवा बांधाचं आहे, यिन मातीचं शेतातल्या मऊ मातीचं. म्हणजे हा हिवाळ्यातला डोंगर. आता पहिला प्रश्न स्वभावाचा नसून बळाचा विचारायचा: हा डोंगर भक्कम आहे की खचलेला? महिन्याची फांदी इथे सर्वांत वजनदार, कारण तीच ऋतू सांगते. उंदराचा महिना पाण्याचा, थंडीचा. माती गारठलेली. पण महिन्याच्या डोक्यावर यांग अग्नी, म्हणजे सूर्याचं ऊन, आणि पायाखाली घोडा, तोही अग्नीचा. थंडीतल्या डोंगरावर ऊन पडलंय. चिनी वाचक इथे मान डोलावेल, कारण या पत्रिकेला ऊबच हवी होती.

ही पाच तत्त्वं आपल्या पंचमहाभूतांशी जोडायचा मोह टाळा. आपल्याकडे पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. पाश्चात्त्यांकडे अग्नी, पृथ्वी, वायू, जल. ही पदार्थांची यादी आहे. चिनी शब्द ‘वू-शिंग’, आणि ‘शिंग’ म्हणजे चालणं. या पाच अवस्था एकीतून दुसरीत चालत जातात. लाकूड अग्नीला जन्म देतं, अग्नी राखेची माती करतो, मातीतून धातू निघतो, धातूपासून पाणी, पाण्याने लाकूड वाढतं. दुसरं चक्र आवर घालणारं: लाकूड मातीला, माती पाण्याला, पाणी अग्नीला, अग्नी धातूला, धातू लाकडाला. म्हणून बा-त्झमध्ये ‘कोणतं तत्त्व चांगलं’ या प्रश्नाला अर्थ नाही. कोण कोणाला काय करतंय, एवढंच विचारायचं.

पायरी ५: नात्यांची नावं घाला

इथे चिनी पत्रिकेत एक अख्खा समाज उभा राहतो. ‘मी’शी प्रत्येक अक्षराचं नातं पाच प्रकारचं: माझ्याच जातीचं, मी ज्याला जन्म देते ते, मी ज्याला आवर घालते ते, जे मला आवर घालतं ते, जे मला जन्म देतं ते. प्रत्येकाची यांग-यिन रूपं धरून दहा होतात आणि त्यांना ‘दहा देव’ म्हणतात.

त्यांची नावं ऐका. मी ज्यावर ताबा ठेवते ते ‘धन’. जे माझ्यावर ताबा ठेवतं ते ‘अधिकारी’, त्याचंच उग्र रूप ‘सात संहार’. जे मला पोसतं तो ‘शिक्का’, म्हणजे सरकारी मोहोर, आणि त्यात शिक्षण आणि आईची माया दोन्ही येतात. मी जे व्यक्त करते त्याचं सौम्य रूप ‘अन्नदेव’ आणि तिखट रूप ‘अधिकाऱ्याला दुखावणारा’. माझ्या जातीचंच, पण विरुद्ध रूपाचं असेल तर ‘धन लुटणारा’, कारण भाऊबंद आले की वाटणी आली.

हे देव स्वर्गातले नाहीत. ते कचेरीतले, घरातले, बाजारातले आहेत. परीक्षा देऊन सरकारी नोकरी मिळवणं हेच ज्या समाजात मोठं स्वप्न होतं, तिथे पत्रिकेत ‘अधिकारी’ आणि ‘शिक्का’ येणारच. पाश्चात्त्य कुंडली युद्धदेव मंगळ, प्रेमदेवी शुक्र, देवांचा राजा गुरू यांच्या कथांतून बोलते. त्यामुळे पाश्चात्त्य ज्योतिषी मनाच्या आतल्या ओढाताणीबद्दल सहज बोलू शकतो, आणि बा-त्झ वाचणारा सहजपणे वरिष्ठ, पगार, भावंडं, सासर यांच्याबद्दल. विसाव्या शतकात पाश्चात्त्य ज्योतिष आणखीच मनाकडे वळलं. ॲलन लिओ या लंडनच्या ज्योतिष्याला १९१७ मध्ये भविष्य सांगितल्याबद्दल दंड झाला होता. तो ‘काय होईल’पेक्षा ‘तुम्ही कोण आहात’ यावर भर देणारा, आणि पुढच्या पिढ्यांनी तीच वाट रुंद केली.

आपल्या मुलीच्या पत्रिकेत प्रहराचं यिन लाकूड हा तिचा ‘अधिकारी’, आणि दोन्ही ससे (त्या फांद्याही लाकडाच्याच) त्याची मुळं. लाकूड मातीत मुळं घुसवतं, म्हणजे दबाव आहे, अपेक्षा आहेत. पण मध्ये अग्नी उभा आहे. लाकूड अग्नीला पोसतं, अग्नी मातीला. अधिकाऱ्याचा दाब शिक्क्यातून गाळून तिच्यापर्यंत पोहोचतो: जबाबदारी येते ती शिक्षणाच्या वाटेने. ही साखळी जुन्या वाचकांची फार आवडती. आता पाश्चात्त्य कुंडलीतला सूर्य-शनी नवपंचम आठवा: शिस्त अंगवळणी पडलेली. दोन वेगळ्या वाटांनी आपण एकाच अंगणात पोहोचलो. चंद्रासमोरच्या शनीने जो भावनांचा आखडतेपणा दाखवला, त्याला मात्र या आठ अक्षरांत सरळ जोड सापडत नाही. न सापडणाऱ्या जोड्या ओढूनताणून लावू नका.

धातू या पत्रिकेत उघड कुठेच नाही. चीनमध्ये ‘उणं तत्त्व’ मुलाच्या नावातून भरून काढायची जुनी रीत आहे. धातू कमी असेल तर सोन्याचं अक्षर तीनदा रचून झालेलं ‘शिन’ हे अक्षर नावात घालतात, पाणी कमी असेल तर तीन पाण्यांचं ‘म्याओ’. रीत गोड आहे, पण ‘नाही ते घाला’ हा नियम वाचनात वापरू नका. आधी पाहायचं की त्या ‘मी’ला ते तत्त्व पेलवेल का. आणि या उण्या तत्त्वाच्या नावाखाली तुम्हाला कोणी महागडं कडं किंवा खडा विकायला लागलं, तर तिथून उठा.

एक अवघड गोष्टही सांगायला हवी. पाश्चात्त्य कुंडली मांडायला स्त्री की पुरुष हे विचारावं लागत नाही. बा-त्झला लागतं. पारंपरिक वाचनात पुरुषाची पत्नी ‘धना’त पाहतात आणि स्त्रीचा नवरा ‘अधिकाऱ्या’त. पत्नी ही ताब्यातली वस्तू आणि नवरा हा ताबा ठेवणारा, हा जुन्या घरांचा नियम अक्षरांत गोठलेला आहे. मी वाचताना हा भाग जसाच्या तसा घेत नाही. ‘अधिकारी’ म्हणजे या मुलीचं काम, तिच्यावरची जबाबदारी, असं आधी वाचते.

पायरी ६: फांद्यांमधली भांडणं पाहा

पाश्चात्त्य कुंडलीत दोन ग्रहांमधले अंश मोजून युती, केंद्रयोग, प्रतियोग ठरवतात. बा-त्झमध्ये बारा फांद्या वर्तुळात मांडा, समोरासमोरच्या फांद्या एकमेकींना ‘धडकतात’. उंदीर-घोडा, बैल-बोकड, वाघ-माकड, ससा-कोंबडा, ड्रॅगन-कुत्रा, साप-डुक्कर. प्रतियोगासारखंच, फक्त अंश नाहीत: धडक आहे किंवा नाही.

महिन्याची फांदी आईवडिलांची जागा, दिवसाची फांदी जोडीदाराची. वर्ष पूर्वजांचं, प्रहर मुलांचा. आपल्या मुलीचा महिना उंदीर, दिवस घोडा. म्हणजे माहेर आणि जोडीदार यांच्यात ओढाताण. शिवाय घोडा हाच तिचा ऊब देणारा अग्नी असल्याने ही धडक वाचताना जपून बोलावं लागतं. प्रत्येक फांदीच्या पोटात एक ते तीन खोडं दडलेली असतात, त्यांचाही विचार करायचा असतो, पण ते पहिल्या वर्षी राहू द्या.

पायरी ७: काळ कसा उलगडतो

पाश्चात्त्य ज्योतिषी आजचे ग्रह जन्मकुंडलीवरून फिरवून पाहतो. बा-त्झमध्ये ‘दा-यून’ असतात, दहा-दहा वर्षांचे टप्पे. आपल्या विंशोत्तरी महादशा कमीजास्त लांबीच्या, हे मात्र सगळे सारखे. ते महिन्याच्या खांबापासून पुढे किंवा मागे चालत जातात. दिशा वर्षाच्या खोडावरून आणि स्त्री-पुरुष भेदावरून ठरते: यांग वर्षातला पुरुष आणि यिन वर्षातली स्त्री पुढे, बाकीचे मागे. जन्मापासून त्या दिशेच्या महिन्याच्या सीमेपर्यंत दिवस मोजा, तीन दिवसांचं एक वर्ष धरा. तेवढ्या वयाला पहिला टप्पा सुरू.

आपली मुलगी यिन वर्षातली, म्हणून पुढे. पुढची सीमा ६ जानेवारीला, पाच दिवसांवर. म्हणजे सुमारे एक वर्ष आठ महिन्यांची असताना पहिला टप्पा, साधारण २०२१ च्या उत्तरार्धात तिसरा: यिन माती, ससा. हा तर तिचा जन्मवर्षाचाच खांब पुन्हा आला. त्यात २०२६ हे यांग अग्नी-घोड्याचं वर्ष, तिच्या महिन्यातल्या उंदराला धडकणारं. १९६६ हेही याच जोडीचं होतं. या वर्षी जन्मलेल्या मुली नवऱ्याला जड जातात, या समजुतीपायी त्या वर्षी जपानमध्ये जन्मच सुमारे चौथ्या भागाने घटले. पत्रिकेतला एक खांब एवढा जोर लावू शकतो, म्हणून वाचणाऱ्याने तोंड सांभाळून बोलावं.

२०३१ च्या सुमारास तिला यांग धातू-ड्रॅगनचा टप्पा लागेल. आजवर न मिळालेला धातू तिथे पहिल्यांदा उघड खोडात येतो, म्हणजे चिनी वाचक तेव्हा तिला ‘बोलायला लाग, काहीतरी बाहेर काढ’ म्हणेल. पाश्चात्त्य ज्योतिषी त्याच्या दोन वर्षं आधीच, २०२९ च्या आसपास, शनी वृषभेतल्या आपल्या जन्मजागी परत येतो त्यावर बोट ठेवेल. याच मुलीच्या जागी मुलगा असता तर दिशा उलटली असती आणि पहिला टप्पा आठव्या वर्षी लागला असता. पाश्चात्त्य कुंडलीत मात्र काहीच बदललं नसतं.

ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये जन्म झाला असेल तर एक प्रश्न उरतो. मेलबर्नमध्ये १ जानेवारीला कडक उन्हाळा असतो, मग महिना उंदराचाच धरायचा का? बहुतेक वाचक उत्तरेचंच पंचांग ठेवतात, काही जण सहा फांद्यांनी उलटवतात. पाश्चात्त्य सायन मेषेलाही हाच प्रश्न लागू होतो. तिथेही बहुतेक जण उत्तरेचाच वसंत धरतात.

वाचून झाल्यावर काय लिहायचं? १९८५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात शॉन कार्लसन यांचा एक प्रयोग छापून आला. त्यात पाश्चात्त्य ज्योतिष्यांना माणूस आणि कुंडली यांची जोडी लावायला दिली होती, आणि त्यांचं यश निव्वळ अंदाजापेक्षा सरस ठरलं नाही. त्यामुळे लग्न, औषधोपचार, पैसा यांचे निर्णय मी यावर सोपवत नाही, कोणाला सोपवूही देत नाही. मी वही घेते, मध्ये रेघ मारते, डावीकडे बा-त्झ काय म्हणते ते आणि उजवीकडे पाश्चात्त्य कुंडली काय म्हणते ते लिहिते. वर त्या दिवसाची तारीख घालते आणि वर्षभराने ते पान उघडून पाहते. तुम्ही पहिली पत्रिका स्वतःची मांडा. आईला जन्मवेळ विचाराल तेव्हा ती घड्याळात पाहिलेली होती की अंदाजाने सांगितलेली, हेही विचारून त्याच पानावर टिपून ठेवा.